एका न्यूट्रॉनचा हिशेब

यंदाच्या विज्ञान दिनाला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका लहानशा सभागृहात मी फ्यूजनवर तासभर बोललो. लोक उठले, खुर्च्या गोळा व्हायला लागल्या, तेवढ्यात युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. करणारी एक मुलगी पुढे आली. "सर, फ्यूजन भट्टीभोवतीच्या ब्लँकेटमधले न्यूट्रॉन मोजतात असं तुम्ही म्हणालात. पण त्याला विद्युतभार नाही, तो दिसत नाही, शिशातूनसुद्धा पार होतो. मग मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?"

प्रश्न अगदी मर्मावर होता. तिथे उभ्याउभ्या थोडं सांगितलं, बाकीचं इथे सविस्तर लिहितो.

आधी हा न्यूट्रॉन येतो कुठून ते पाहू. फ्यूजन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र येऊन जड केंद्रक तयार होणं. पृथ्वीवर त्यातल्या त्यात साधणारी जोडी म्हणजे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, दोन्ही हायड्रोजनचीच जड भावंडं. ड्यूटेरियम साध्या पाण्यात असतं. बडोद्याची त्याच्याशी ओळख जुनी आहे. खताच्या कारखान्यात अमोनियासाठी हायड्रोजनयुक्त वायू मोठ्या प्रमाणावर लागतो. त्याच वायूतलं ड्यूटेरियम काढून घेता यावं म्हणून १९७० च्या दशकात आपल्या जीएसएफसी या खत कारखान्याला लागूनच जड पाण्याचा, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्याचा, कारखाना उभा राहिला. ट्रिटियमची गोष्ट वेगळी. ते किरणोत्सारी आहे, त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षं, त्यामुळे निसर्गात ते साठून राहत नाही. आज वापरात असलेलं ट्रिटियम मुख्यतः जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांमधून मिळतं. तिथे ड्यूटेरियम एखादा न्यूट्रॉन गिळतं आणि त्याचं ट्रिटियम होतं. साऱ्या जगाचा नागरी साठा वीस-तीस किलोंच्या घरातला आहे.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम जुळले की हीलियमचं केंद्रक आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. एकूण ऊर्जा १७.६ एमईव्ही, म्हणजे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यातली ३.५ हीलियमच्या वाट्याला येते आणि १४.१ न्यूट्रॉनच्या. हीलियमला विद्युतभार असतो, म्हणून फ्यूजन भट्टीतला चुंबकीय पिंजरा त्याला आत धरून ठेवतो. न्यूट्रॉनवर चुंबकाची सत्ता नाही. तो सेकंदाला सुमारे ५१ हजार किलोमीटर वेगाने सरळ भिंतीकडे निघतो. मुंबई ते बडोदे हे अंतर तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत कापेल. भट्टीची ऐंशी टक्के कमाई अशी पिंजऱ्याबाहेर जात असते. ती गोळा करण्यासाठी भट्टीभोवती जे जाड आवरण लावतात, त्याला ब्लँकेट म्हणतात. मराठीत पांघरूण म्हणायला हरकत नाही, पण हे पांघरूण अर्धा मीटर ते मीटरभर जाडीचं असतं.

या पांघरुणाची कामं तीन. न्यूट्रॉनला थांबवून त्याची ऊर्जा उष्णतेत उतरवायची, मागच्या अतिवाहक चुंबकांना त्याचा मारा लागू द्यायचा नाही, आणि त्याच न्यूट्रॉनकडून नवं ट्रिटियम तयार करून घ्यायचं. सगळं घोडं या तिसऱ्या कामाशी अडतं. १००० मेगावॉट फ्यूजन-शक्तीची भट्टी वर्षभर अखंड चालवली तर तिला सुमारे ५६ किलो ट्रिटियम लागेल. जगातला साठा आणि ही भूक शेजारी ठेवून पाहा. बाहेरून आणून हे भागणार नाही, भट्टीने आपलं ट्रिटियम आपणच पिकवायला हवं.

पिकवायचं लिथियममध्ये. लिथियम-६ या समस्थानिकाला न्यूट्रॉन लागला की ट्रिटियम आणि हीलियम तयार होतात, वर ४.८ एमईव्ही ऊर्जाही मिळते. आता हिशेब मांडू. एका फ्यूजनमध्ये एक ट्रिटियम खर्च झालं आणि एक न्यूट्रॉन हाती आला. त्या एका न्यूट्रॉनने एक ट्रिटियम परत दिलं तर जमाखर्च जेमतेम जुळला. पण काही न्यूट्रॉन पोलादात शोषले जातात. भट्टीला खिडक्या, नळ्या आणि तापवण्याची यंत्रं लागतात, त्या जागी ब्लँकेटच नसतं, तिथून काही निसटतात. तयार झालेलं ट्रिटियम बाहेर काढून, शुद्ध करून पुन्हा भट्टीत घालेपर्यंत थोडं वाया जातं, थोडं आपोआप क्षय पावतं. म्हणजे एका न्यूट्रॉनमागे सरासरी एकाहून जास्त ट्रिटियम मिळायला हवं. डिझाइन करणारे हे गुणोत्तर साधारण १.०५ ते १.१५ च्या दरम्यान धरतात.

एकातून एकाहून जास्त कसं मिळणार? त्यासाठी न्यूट्रॉनच वाढवायचे. बेरिलियमवर वेगवान न्यूट्रॉन आदळला की एकाचे दोन होऊ शकतात. शिशातही हे घडतं, पण तिथे सुमारे ७ एमईव्हीच्या वरचा न्यूट्रॉन लागतो. शिवाय लिथियम-७ आहेच. वेगवान न्यूट्रॉन त्याला फोडतो, ट्रिटियम देतो आणि स्वतः मंद होऊन पुढे जातो. नैसर्गिक लिथियममध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास लिथियम-६ असतं, बाकी सगळं लिथियम-७.

या लिथियम-७ ने एकदा फार मोठी किंमत वसूल केली आहे. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने 'कॅसल ब्राव्हो' या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अपेक्षा सुमारे ६ मेगाटनांची होती, स्फोट झाला १५ मेगाटनांचा. बॉम्बमधलं लिथियम-७ फारसं काही करणार नाही, असं गणितात धरलं होतं. प्रत्यक्षात वेगवान न्यूट्रॉनांनी त्यातूनही ट्रिटियम काढलं. किरणोत्सारी राख दूर समुद्रातल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, तिच्यावर २३ माणसं होती. आजूबाजूच्या बेटांवरच्या लोकांनाही ती राख भोवली. एका समस्थानिकाचं वागणं नीट मोजलेलं नव्हतं, त्याचा हा परिणाम. पुढे गाडी उलट्या बाजूलाही झुकली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नव्याने मोजमापं झाली, तेव्हा याच प्रक्रियेचा तक्त्यांमधला आकडा बराच जास्त धरला गेल्याचं दिसलं. म्हणजे त्या तक्त्यांवर विसंबून कागदावर काढलेलं ट्रिटियम प्रत्यक्षात तेवढं निघालं नसतं. ब्लँकेटच्या प्रयोगांबद्दल मला इतकी ओढ का वाटते, ते या दोन चुकांमध्ये आहे. हातात वरकड आहे पाच ते पंधरा टक्क्यांची. मोजण्यातली चूक त्याहून मोठी असेल, तर भट्टी स्वतःचं पोट भरेल की नाही हे सांगताच येणार नाही.

मोजायचं कुठे? तशी भट्टी अजून उभी नाही. म्हणून ब्लँकेटचा एक तुकडा हुबेहूब बनवतात. बेरिलियम, लिथियमयुक्त सिरॅमिकचे थर किंवा गोळ्या, पोलादाच्या पट्ट्या, असा साधारण शाळेच्या बाकाहूनही लहान ठोकळा. त्याच्यासमोर ठेवतात न्यूट्रॉन जनरेटर. त्यात ड्यूटेरियमच्या केंद्रकांना २००-३०० किलोव्होल्टने ढकलून, ट्रिटियम मुरवलेल्या टायटॅनियमच्या चकतीवर आदळवतात. तिथे होतं तेच फ्यूजन आणि निघतो तोच १४ एमईव्हीच्या आसपासचा न्यूट्रॉन. इटलीत फ्रास्काती इथे आणि जपानमध्ये तोकाई इथे अशा जनरेटरवर ब्लँकेटच्या ठोकळ्यांचे नावाजलेले प्रयोग झाले. बडोद्याहून दोन-अडीच तासांवर, गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. 'आदित्य' हा टोकामाक, म्हणजे चुंबकीय पिंजऱ्याचं फ्यूजन यंत्र, १९८९ पासून तिथेच चालू झाला. त्या संस्थेकडेही १४ एमईव्हीचा जनरेटर आहे. भारताने आखलेल्या ब्लँकेटमध्ये वाहतं शिसं-लिथियम आणि लिथियम टायटॅनेटच्या बारीक गोळ्या, असं दोन्हीचं मिश्रण आहे.

इथे शंका येते. फ्रास्कातीचा जनरेटर सेकंदाला फार तर १०० अब्ज न्यूट्रॉन देतो. १००० मेगावॉटच्या भट्टीत सेकंदाला सुमारे ३५ लाख कोटी कोटी... लिहायचं तर ३५ च्या पुढे एकोणीस शून्यं, इतके न्यूट्रॉन निघतील. तीनशे कोटींहून जास्त पटींचा फरक. मग या इवल्या प्रयोगाचा त्या भट्टीला काय उपयोग? उपयोग आहे, कारण न्यूट्रॉन एकमेकांना भेटत नाहीत. घन पदार्थात केंद्रकं इतकी दाटीने आणि न्यूट्रॉन इतके विरळ असतात, की प्रत्येक न्यूट्रॉन आपली वाट एकट्यानेच चालतो. एका न्यूट्रॉनमागे किती ट्रिटियम, हे गुणोत्तर न्यूट्रॉन शंभर असोत की शंभर अब्ज, तेच राहतं. भट्टीतली उष्णता, पोलाद ठिसूळ होणं, वाहत्या धातूवर चुंबकाचा परिणाम, हे ठोकळ्यात कळत नाही. पण न्यूट्रॉनचा हिशेब कळतो.

त्या एकट्या वाटेचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं तर कॅरम आठवा. स्ट्रायकर बोर्डाच्या कडेवर आपटला तर जवळपास तेवढ्याच जोराने परत येतो. सोंगटीला समोरासमोर लागला तर आपला बराचसा वेग तिला देऊन टाकतो. न्यूट्रॉन शिशाच्या जड केंद्रकावर नुसता आपटून परतला तर एका टकरीत फार तर दोन टक्के ऊर्जा गमावतो. बेरिलियमवर छत्तीस टक्क्यांपर्यंत. हायड्रोजनवर तर एकाच टकरीत सगळी गमावू शकतो, कारण दोघांचं वस्तुमान जवळजवळ सारखं. आणि लिथियम-६ ला मंद न्यूट्रॉनच जास्त आवडतो. जितका मंद, तितका तो पकडला जाण्याची शक्यता मोठी. लिथियम-७ ला मात्र वेगवानच हवा. म्हणून ब्लँकेटच्या पुढच्या थरात एक गोष्ट घडते आणि आतल्या थरांत दुसरीच. नुसती संख्या मोजून भागत नाही, कुठल्या खोलीवर किती ऊर्जेचे किती, हे कळायला हवं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. न्यूट्रॉन थेट मोजता येत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. न्यूट्रॉन कशाला तरी धडकला की मागे काहीतरी सोडतो, ते मोजतात. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला तोही असाच, पॅराफिन मेणातून तो जे प्रोटॉन उडवत होता त्यांच्यावरून.

पहिली मोजणी तर ठोकळ्याच्या बाहेरच होते, आणि मला ती सगळ्यात देखणी वाटते. चकतीत जितकी फ्यूजन, तितके न्यूट्रॉन आणि बरोबर तितकीच हीलियमची केंद्रकं. हीलियमला भार आहे, ते सिलिकॉनच्या छोट्या डिटेक्टरला लगेच सापडतं. चकतीपासून ठरावीक अंतरावर, ठरावीक मापाच्या छिद्रामागे असा डिटेक्टर ठेवायचा, त्यात पडलेली हीलियम केंद्रकं मोजायची आणि छिद्राने सगळ्या दिशांचा किती हिस्सा व्यापला आहे त्यावरून एकूण आकडा काढायचा. न सापडणाऱ्या न्यूट्रॉनची गणती त्याच्या सापडणाऱ्या जुळ्या भावावरून झाली. हा झाला जमेचा आकडा. बाकी सगळे हिशेब याच्यावर उभे असतात.

मग ठोकळ्याच्या आत. तिथे ठरवलेल्या खोलीवर धातूच्या लहान, पातळ चकत्या ठेवतात, त्यांना फॉइल म्हणतात. सोनं, इंडियम, निकेल, ॲल्युमिनियम, नायोबियम. न्यूट्रॉन लागला की त्यातली काही केंद्रकं किरणोत्सारी होतात. गंमत अशी की प्रत्येक धातूचा उंबरठा वेगळा. नायोबियम-९३ मधून एक न्यूट्रॉन उडवून नायोबियम-९२ करायला सुमारे ९ एमईव्ही लागतात, म्हणून नायोबियम फक्त ताज्या, अजून फारशी टक्कर न झालेल्या न्यूट्रॉनांबद्दल बोलतं. ॲल्युमिनियमपासून सोडियम-२४ होतं, त्यासाठी साधारण ६ एमईव्हीच्या वरचे न्यूट्रॉन लागतात. इंडियमचा उंबरठा आणखी खूप खाली, अर्ध्या एमईव्हीच्या आसपास. सोन्याला उंबरठा नाही, ते मंद न्यूट्रॉन आनंदाने गिळतं आणि सोनं-१९८ बनतं. घरात गव्हाची, रव्याची, मैद्याची अशा वेगवेगळ्या चाळण्या असतात, तशा या न्यूट्रॉनच्या चाळण्या. एकीत किती राहिलं आणि दुसरीत किती, यावरून कुठल्या ऊर्जेचे किती न्यूट्रॉन तिथून गेले हे उलगडायचं. पाच-सात आकड्यांवरून संपूर्ण आलेख काढताना एकाहून जास्त उत्तरं बसू शकतात, म्हणून सुरुवातीला एक गणिती अंदाज घेऊन तो फॉइलच्या आकड्यांशी जुळेपर्यंत दुरुस्त करतात.

जनरेटर बंद झाला की घड्याळाशी शर्यत सुरू होते. इंडियमची किरणोत्सारी खूण साडेचार तासांत निम्मी होते, सोडियम-२४ ची १५ तासांत, सोन्याची पावणेतीन दिवसांत, नायोबियमची दहा दिवसांत. म्हणून इंडियम आधी, नायोबियम शेवटी. फॉइल जर्मेनियमच्या डिटेक्टरसमोर ठेवतात. द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड केलेला हा डिटेक्टर प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा वेगळी ओळखतो. सोन्याची ४१२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा दिसली की ते सोनंच, दुसरं काही नाही.

ट्रिटियमची मोजणी मात्र याहून किचकट. क्षय पावताना त्यातून निघणारा बीटा कण इतका दुबळा, जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, की हवेत काही मिलिमीटरच जातो. ठोकळ्याबाहेर यंत्र धरून काहीच कळणार नाही. म्हणून लिथियम कार्बोनेटच्या दाबून केलेल्या वड्या ठोकळ्यात पेरतात आणि प्रयोगानंतर आम्लात विरघळवतात. ते द्रावण अशा द्रवात मिसळतात, जो बीटा लागला की प्रकाशाची बारीक ठिणगी देतो. अंधाऱ्या पेटीत ठेवलेली संवेदनशील नलिका त्या ठिणग्या मोजते. ट्रिटियमला डिटेक्टरपर्यंत येता येत नाही, म्हणून डिटेक्टरलाच ट्रिटियममध्ये विरघळवलं, असं म्हणा ना. काही वड्यांत लिथियम-६ वाढवलेलं असतं, काहींत लिथियम-७, म्हणजे कुणाचा वाटा किती ते निराळं कळतं.

जागच्या जागी, त्या क्षणी मोजणारी साधनंही आहेत. त्यातला हिऱ्याचा डिटेक्टर मला विशेष आवडतो. सुरतेला हिऱ्यांचं वेगळं सांगायला नको. इथला हिरा मात्र दागिन्यातला नसतो. तो प्रयोगशाळेत वायूतून थर साचवून वाढवलेला, अतिशुद्ध आणि नखापेक्षाही लहान असतो. १४.१ एमईव्हीचा न्यूट्रॉन हिऱ्यातल्या कार्बनला लागून त्याचे बेरिलियम आणि हीलियम करतो, त्यात ५.७ एमईव्ही खर्च होतात, उरलेल्या ८.४ एमईव्हीचा विद्युतस्पंद मिळतो. आलेखावर ८.४ पाशी उभा राहिलेला तो सुळका म्हणजे उगमापासून टक्कर न होता आलेले न्यूट्रॉन.

आता चुका. या कामात खरं कौशल्य आकडा काढण्यात कमी आणि तो कशाने बिघडतो हे जाणण्यात जास्त आहे. सोन्याची फॉइल जाड झाली तर तिचा वरचा भागच ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन गिळून टाकतो, आतल्या सोन्यापर्यंत ते पोचतच नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. खोलीच्या काँक्रीटमध्ये पाणी असतं, म्हणजे हायड्रोजन. तिथे आपटून मंद झालेले न्यूट्रॉन मागच्या बाजूने ठोकळ्यात शिरतात. भट्टीत ते नसणार, इथे मात्र हिशेबात येतात. म्हणून दालन मोठं घेतात आणि ठोकळा भिंतींपासून लांब, मध्यभागी ठेवतात. लिथियमच्या गोळ्या डब्यात किती घट्ट बसल्या, बेरिलियममध्ये कुठली अशुद्धी किती, हेही मोजून लिहावं लागतं. आणि अंतर. उगमापासून ५ सेंटीमीटरवर ठेवलेली फॉइल एक मिलिमीटर सरकली तर न्यूट्रॉनचा आकडा चार टक्के बदलतो. वरकड आपल्याकडे पाच ते पंधरा टक्क्यांचीच आहे, हे इथे आठवा.

शेवटी हे आकडे गणिताशी ताडून पाहतात. संगणकात ठोकळ्याची तंतोतंत प्रतिकृती करून कोट्यवधी न्यूट्रॉन एकेक करून सोडतात, प्रत्येक टकरीला काय घडलं ते जणू फासे टाकून ठरवतात. ही माँटे कार्लो पद्धत. १९४६ मध्ये आजारपणात पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडताना गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना ती सुचली. पण फासे कसे पडावेत हे सांगणारा तक्ता लागतो. कुठल्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनला कुठलं केंद्रक किती शक्यतेने काय करेल, याचा तो तक्ता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था फ्यूजनसाठी असा एक खास संग्रह ठेवते, 'फेंडल' नावाचा. तो संग्रह ज्या मोजमापांतून उभा राहतो, त्यांत आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातले संशोधक ज्या प्रकारची मोजमापं करतात, तीही मोडतात. मुंबईच्या पेलेट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर लिथियमवर प्रोटॉन मारून ते न्यूट्रॉन मिळवतात आणि टंगस्टनसारख्या धातूंवर त्यांचा परिणाम याच फॉइलच्या पद्धतीने तपासतात. टंगस्टन फ्यूजन भट्टीत प्लाझ्माच्या, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या इंधनवायूच्या, अगदी समोरच्या भिंतीवर असतो.

गणिताने काढलेला आकडा भागिले प्रयोगाचा आकडा. १ आला तर ताळा जमला. ०.९३ आला तर शोध सुरू. तक्ता चुकला, अशुद्धी राहिली, की फॉइल सरकली? पुढच्या थरात १ आणि मागच्या थरात ०.९३ असेल तर मंद न्यूट्रॉनांच्या बाजूला संशय जातो. सगळीकडे सारखाच ०.९३ असेल तर बहुधा जमेचाच आकडा, म्हणजे हीलियमची मोजणी, पुन्हा तपासायची. आजवर एकाही फ्यूजन यंत्राने जाळलं तेवढं ट्रिटियम परत पिकवलेलं नाही. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय फ्यूजन यंत्रामध्येही ब्लँकेटचे काही नमुनेच बसवून पाहायचे आहेत. तोवर विश्वास ठेवायचा तो या लहान ठोकळ्यांवर आणि त्यांच्या ताळ्यावर.

हे लिहून झाल्यावर कच्चा मजकूर मी त्या मुलीला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: "सर, ५ सेंटीमीटरवर १ मिलिमीटरला ४ टक्के, पण ३० सेंटीमीटरवर पाऊण टक्कासुद्धा होत नाही. मग सगळ्या फॉइल लांबच का ठेवत नाहीत?" मी तिला कळवलं की ३० सेंटीमीटरवर उगमातून थेट येणारे न्यूट्रॉन छत्तीस पटींनी कमी होतात. तेवढ्यांनी फॉइल मोजण्याइतकी किरणोत्सारी होत नाही, आणि भिंतींवरून परतलेल्या न्यूट्रॉनांचा हिस्सा वाढत जातो. शिवाय पुढच्या थरात काय घडतं ते पुढच्या थरातच मोजावं लागतं. संध्याकाळी तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाच वेगवेगळ्या अंतरांवर अंतराची चूक एका रकान्यात, मोजणीची चूक दुसऱ्यात, दोन्ही मिळून सर्वांत कमी कुठे येते तिथे लाल पेनाने गोल.